इनासचं पाकीट

“सही इथं करायची,” सुकुमार म्हणाला आणि मागं वळून बघितलं, ओळखीचं कुणी रांगेत नाही ना म्हणून.

होतं. आमच्याच टूरमधल्या नाशिकच्या देवरे डॉक्टरीणबाई दोन माणसं सोडून मागं उभ्या होत्या, सामानाला लावायच्या चिठ्ठ्या घ्यायला. मी चष्मा नीट केला, पेन घेतलं आणि ‘पद्मावती मगदूम’ असं पूर्ण नाव काढलं. घाई केली नाही. मी चौथी शिकलेली, पण माझी सही बँकेतून कधी परत आलेली नाही.

सुकुमारच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तो, सून त्रिशला आणि मी असे तिघं सिंगापूरहून सुटणाऱ्या त्या बोटीवर चार रात्रींसाठी गेलो होतो. बोट म्हणायचं आपलं, अख्खं जयसिंगपूर त्यात बसलं असतं आणि वर भांडायला जागा उरली असती. चौथ्या दिवशी सकाळी खोलीच्या दाराखालून एक कागद आत आला. दर माणशी, दर दिवशी सर्व्हिस चार्ज लावलेला. सुकुमारनं समजावलं की ही टीप आहे, वाढणारे, खोली आवरणारे, आतले भांडी घासणारे, सगळ्यांत वाटली जाते. नको असली तर काउंटरवर जाऊन काढून टाकता येते, पण तसं कुणी करत नाही.

मी म्हटलं, मग मी करते.

काउंटरवरची मुलगी कागद हातात घेऊन इंग्रजीत बरंच काही बोलली. शेवटी शेवटी तर बोटानं मोजून सांगत होती. सुकुमारला घाम फुटला होता. त्यानं सगळ्याचं मराठी दोन शब्दांत केलं, “ठीक आहे म्हणते.”

मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण माझ्या कानाला पोचेल इतपत. लाखाची तिकिटं काढतात आणि वाढणाऱ्याच्या तोंडचं काढून घेतात, असं काहीतरी.

मी वळले. “डॉक्टरीणबाई, तुमच्या दवाखान्यात सुई टोचणाऱ्या पोरीचा पगार तुम्ही देता, की पेशंट देतात?”

“काकू, इथली रीत वेगळी असते,” त्या हसून म्हणाल्या.

ते हसू माझ्या डोक्यात बसलं. कुणी मला कजाग म्हणू दे, तिखट म्हणू दे, चिकट म्हटलेलं मला आजवर सोसलेलं नाही.

माझी खानावळ आहे, मार्केट यार्डाच्या मागं. मालक गेले तेव्हा सुकुमार सहा वर्षांचा होता. चूल मी पेटवली आणि पहिल्या दिवसापासून एक नियम केला, माझ्या माणसांनी गिऱ्हाइकाकडून वरचा पैसा घ्यायचा नाही. त्यांना पोटभर मी देईन. भूपाल नावाचा वाढपी अकरा वर्षं माझ्याकडं होता. एका व्यापाऱ्यानं ताटाखाली ठेवलेली नोट त्यानं कमरेला खोचली आणि मी विचारल्यावर नाही म्हणाला. त्याच दुपारी मी त्याला पायरी उतरायला लावली. नोटेसाठी नव्हे, नाही म्हणाला म्हणून. हे मी पुढं कितीतरी जणांना अभिमानानं सांगितलेलं आहे.

आता इनासचं सांगते.

आम्ही जैन. कांदा-लसूण नाही आणि दिवस मावळल्यावर मी काही खात नाही, तेव्हाच चाळीस वर्षं झाली होती. बोटीवर जेवणाचा हॉल सात वाजता उघडायचा आणि सूर्यही तिकडं सातलाच मावळायचा. पहिल्या दिवशी दुपारीच मी सुकुमारला सांगून टाकलं की चारही रात्री मी केळी खाऊन काढीन, तुम्ही माझ्यासाठी तोंड बारीक करू नका. टेबलापाशी पाणी ओतणारा पन्नाशीतला वाढपी थबकला.

“आक्का, सहाक येवा,” तो हळूच म्हणाला. “एकट्याच. मी बघतंय.”

परक्या समुद्रात मराठी ऐकून मी त्याच्याकडं बघतच राहिले. इनास डिसोजा, वेंगुर्ल्याचा. मालवणी मिसळून बोलायचा, पण माझ्यासाठी सावकाश.

मी सहाला गेले. एवढा मोठा हॉल रिकामा, खुर्च्या सरळ, आणि कडेच्या एका टेबलावर माझं ताट. मुगाचं वरण, भात, दुधी. ही त्याची विश्रांतीची तास-दीड तासाची वेळ होती. दुपारभर उभं राहून पुन्हा रात्री बारापर्यंत उभं राहायचं, त्यामधली. ती त्यानं मला दिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

मी जेवताना तो बसत नसे, बसायची परवानगी नव्हती. खांबाला टेकून उभा राहायचा आणि बोलायचा. बोटीवर त्याची चोवीस वर्षं आणि आठ महिने झाले होते. पंचवीस पुरी झाली की कंपनी एकरकमी पैसे देऊन घरी पाठवणार होती. त्यातून त्याला आणि बायकोला, फिलूला, वेंगुर्ल्यात बाजाराच्या तोंडाशी खानावळ काढायची होती. जागा बघून ठेवली होती.

“चार म्हयने, आक्का,” तो म्हणाला. “चार म्हयने कागदार डाग पडता नये. पडलो तर हातात काय नाय.”

खानावळ म्हटल्यावर मी जेवायचं सोडून बोलायला लागले. त्याला सांगितलं, तांदूळ स्वतः निवडून घे, उधारीची वही ठेवूच नको, पहिलं ताट कुणाला वाढतोस यावर गाव तुला ओळखतं. आणि वाढणाऱ्याला वरचा पैसा घेऊ देऊ नको. यावर तो जरा हसला. “आक्का, आमी त्या वरच्या पैशारच जगतो,” म्हणाला, आणि माझं ताट उचललं.

तर चौथ्या दिवशी, काउंटरवर सही करून आले त्या संध्याकाळी, मी इनाससाठी पाकीट केलं. माझ्या पिशवीत आहेराची पाकिटं कायम असतात, वर रुपया चिकटवलेली. त्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘इनासला, पद्माक्काकडून’. आत तिघांच्या सर्व्हिस चार्जपेक्षा जास्त घातले. पाकीट नीट चिकटवलं. सहाचं जेवण झाल्यावर उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्या हातात दिलं.

तो मागं सरकला. टीप असली तर त्याला आधी एक यादी बघायला लागते, असं काहीतरी सांगायला लागला.

“टीप भिकाऱ्याला देतात,” मी म्हटलं. “हा आहेर आहे. धाकट्या भावाला देतात तसा. याची कसली यादी बघतोस?”

त्यानं पाकिटावरचं नाव वाचलं. मग दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. हॉलच्या टोकाला एकजण चमचे मांडत होता. त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं होतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसू दे म्हटलं. मी काही चोरून देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली. उतरायच्या आधीचा नाश्ता चालला होता. सुकुमार सामानाच्या मागं गेला होता, त्रिशला फळं आणायला. शेजारच्या टेबलावर डॉक्टरीणबाई आणि त्यांचा नवरा. इनास चहाची किटली घेऊन माझ्याजवळ आला, वाकून साखर विचारली. मी मान हलवली. तो गेला.

त्रिशला येऊन बसली, अननसाच्या फोडी माझ्यापुढं ठेवल्या. तेवढ्यात काळा कोट घातलेला एक साहेब आमच्या टेबलापाशी आला. इनासच्या वरचा. त्याच्यामागं तीन पावलांवर इनास, हातात रिकाम्या बशांची चळत. साहेबानं हात जोडले, माताजी म्हणाला, प्रवास कसा झाला विचारलं. मग हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाला की आपण वाईट वाटून घेऊ नका, आमच्या नियमासाठी विचारावं लागतं. आपल्या खोलीचा चार्ज आपण काढलात, ते ठीक आहे, ती आपली मर्जी. पण काल आपण इनासला हातात काही दिलंत का? तो नाही म्हणतो.

शेजारच्या टेबलावर चमचा थांबला. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मला त्यांच्या ओठांचं फक्त टोक दिसलं, तेच कालचं हसू.

“दिलं,” मी म्हणाले.

मराठीतच म्हणाले, आणि खानावळीत गल्ल्यावरून स्वयंपाकघरात ऐकू जावं एवढ्या आवाजात. “तुमच्या कागदावर होतं त्यापेक्षा जास्त दिलं. नाव लिहून दिलं. मगदुमांच्या घरातलं माणूस फुकट जेवून जात नाही.” आणि कुणाला कळायचं राहू नये म्हणून पुन्हा हिंदीत, “दिया. अपने हाथ से दिया.”

साहेबानं मान लववली. आभार मानले. वळून इनासकडं बघितलं.

इनासनं बशा टेबलाच्या कडेला ठेवल्या. एकावर एक सरळ केल्या. मग कोटाच्या आत हात घातला आणि पाकीट काढून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. ते उघडलेलंही नव्हतं. रुपया तसाच, माझं अक्षर तसंच. साहेबानं ते दोन बोटांनी उचललं आणि चालू लागला. इनास त्याच्यामागून गेला. जाताना एकदाच त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. तो ज्या नजरेनं बघत होता ती मला तोपर्यंत माहीत नव्हती. आपल्या पायरीवरून आपणच एखाद्याला उतरवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय असतं, ते मी भूपालच्या वेळी बघितलंच नव्हतं. तेव्हा मी गल्ल्यात तोंड घालून बसले होते.

“काकू, माफ करा हं,” डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून म्हणाल्या. “माझा गैरसमज झाला होता. छान ठणकावलंत.”

“चालायचंच,” मी म्हणाले आणि कप उचलला. चहा गरम होता. तो संपेपर्यंत मला बरं वाटलं, हे लिहायला हवं.

उतरताना दाराशी सगळे वाढपी ओळीनं उभे राहून हात हलवत होते. इनास त्यांत नव्हता. रांग पुढं सरकली तशी एक बुटकी, परदेशी चेहऱ्याची वाढपीण धावत आली आणि तिनं त्रिशलाच्या हातात चांदीच्या कागदाची पुडी दिली. काहीतरी सांगून तशीच पळत परत गेली.

“तुमच्यासाठी आहे, आई,” त्रिशला म्हणाली. “इनासनं पाठवलंय. कांदा-लसूण काही नाही म्हणाली. विमान रात्री पोचतं ना, म्हणून सूर्य मावळायच्या आत खायला सांगितलंय.”

याला आता नऊ वर्षं झाली. घरी आल्यावर महिन्याभरानं मी सुकुमारला टूरवाल्यांना फोन लावायला लावला. त्यांनी चौकशी करून दोन दिवसांनी कळवलं, तो माणूस आता त्या बोटीवर नाही. मी फोन हातात घेऊन विचारलं, त्याची पंचवीस वर्षं पुरी झाली होती का? पलीकडचा पोरगा म्हणाला, आजी, ते आम्हाला कसं कळणार? त्याचंही खरं होतं. पण ऑगस्ट संपला नव्हता आणि इनासचे चार महिने दिवाळीच्याही पुढं जात होते. एवढा हिशेब मला येतो.

तीन वर्षांमागं एका लग्नाला गोव्याला चाललो होतो. रस्त्यात वेंगुर्ल्याचा फाटा लागला. सुकुमारनं गाडी हळू केली. “आई, तो बोटीवरचा इनास इथलाच ना? बाजारात जाऊन विचारू या का त्याची खानावळ?” मी म्हटलं, माझे गुडघे धरलेत, सरळ चल. जागा बंद दिसली असती तर काय करायचं, आणि उघडी दिसली असती तर कुठल्या तोंडानं आत जाऊन बसायचं.

आमच्या घरात हा किस्सा फार चालतो. साखरपुडा असो, बारसं असो, त्रिशला रंगवून सांगते. आमच्या आईंना चिकट समजत होते सगळे, आणि आईंनी भर हॉलमध्ये साहेबाला ऐकवलं, कागदावर होतं त्यापेक्षा जास्त दिलं म्हणून. खोटं बोलणं आईंना जमतच नाही. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी पदर सारखा करते. गेल्या आठवड्यातही तिनं सांगितला, नातसुनेच्या माहेरच्यांपुढं. त्या घरातली एक म्हातारी, माझ्याच वयाची, सगळं ऐकून म्हणाली, “आणि त्या वाढप्याचं काय झालं वं?” त्रिशला म्हणाली, त्याचं काय व्हायचं? आणि पुढं जेवणाकडं वळली.

ती म्हातारी मात्र माझ्याकडंच बघत होती.

म्हणून लिहायला बसले. आणि लिहितानाही मी एके ठिकाणी खोटं लिहिलंय. वर म्हटलं की सकाळी इनासनं वाकून साखर विचारली. साखर विचारायचं त्याला कारणच नव्हतं, चार दिवस तोच मला बिनसाखरेचा चहा देत होता.

तो वाकला आणि म्हणाला, “आक्का, तुमी काउंटरार जावन चार्ज काढलात. तसा केल्यार हातातला पाकीट रात्रीच सगळ्यांच्या डब्यात घालूचा लागता. तुमी आहेर म्हणालात, म्हणान मी चार्ज काढलेल्यांची यादी बघूक नाय. आता सकाळी कळला. कोणी इचारल्यान तर दिलंय म्हणा नको. माझे चार म्हयने आसत.”

मी मान हलवली. शब्द देताना हलवतात तशी. तो “बरां” म्हणाला, माझ्या कपात चहा ओतला आणि माझ्या भरवशावर साहेबाला नाही म्हणून सांगायला गेला.

साहेब विचारत होता तेव्हा मला सगळं आठवत होतं. विसरले नव्हते, घाबरले नव्हते. भूपाल नाही म्हणाला म्हणून त्याला काढणारी बाई मी, मला खोटं बोलवेना, असंही म्हणता येईल. तसं मी कितीतरी रात्री स्वतःला म्हणून बघितलं. पण साहेब जर मला एकटीला, बाजूला घेऊन विचारता, तर मी बिनदिक्कत नाही म्हणून सांगितलं असतं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या म्हणून मी खरं बोलले.

विमानातलं राहिलं.

मी खिडकीशी बसले होते, मांडीवर ती पुडी. उघडली नव्हती, पण वासानं कळत होतं, मेथीच्या पुऱ्या होत्या. परवा जेवताना मीच त्याला सांगितलं होतं की प्रवासाला मेथीच्या पुऱ्या बऱ्या, दोन दिवस टिकतात. साहेबाच्या मागून गेल्यावर, पुढं काय वाढून ठेवलंय ते कळल्यावर, तो कुठल्या चुलीपाशी उभा राहिला असेल आणि कुणाला काय सांगून त्यानं त्या करून घेतल्या असतील.

मी ठरवलं होतं, आता दिवस मावळेल आणि मग खायचा प्रश्नच येणार नाही. पण विमान पश्चिमेकडं चाललं होतं. घड्याळात सात वाजले, साडेसात झाले, आठ झाले, आणि सूर्य आपला खिडकीत तसाच. आम्ही त्याच्या मागून चाललो होतो आणि तो खाली जायचं नावच घेत नव्हता. पुडीच्या चांदीच्या कागदावर ऊन पडून माझ्या डोळ्यांवर येत होतं.

“आई, अजून चांगलं ऊन आहे,” त्रिशला म्हणाली. “खाऊन घ्या की. त्यानं एवढं आठवणीनं दिलंय.”

“बघू,” मी म्हटलं.

तिनं आणखी दोनदा म्हटलं. मी दोनदा बघू म्हटलं. शेवटी तांबडं झालं, मग राखेचा रंग झाला, आणि काळोख पडला. तेव्हा मी पुडी तिच्या हातात दिली.

“आता नको. मावळला.”

“बघा,” त्रिशला पलीकडच्या बाईंना म्हणाली, “चाळीस वर्षं झाली, आमच्या आईंनी दिलेला शब्द कधी मोडलेला नाही. देवाला दिलेला असू दे, नाहीतर माणसाला. हो ना आई?”

मी मान हलवली. सकाळी इनासपुढं हलवली होती तशीच.